बर्फावरची भावंडं : मुलांसाठी पहिली कादंबरी लिहिताना

माझ्या पहिल्या मसुद्याच्या शेवटी धाकट्या भावाने फिगर स्केटिंगच्या, म्हणजे बर्फावर संगीताच्या तालात उड्या-गिरक्या घेण्याच्या, एकेरी स्पर्धेत मोठ्या बहिणीला हरवलं होतं. त्या एका प्रकरणावर मी तीन आठवडे घालवले होते आणि स्वतःवर बेहद्द खूश होते. लहानपणी स्केटिंग शिकलेल्या एका मैत्रिणीला ते वाचायला दिलं. तिने समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं : ‘एकेरीत मुलगे आणि मुली वेगवेगळे उतरतात. हे दोघं समोरासमोर आलेच कसे?’ तीन आठवडे पाण्यात. बर्फात म्हणा हवं तर.

ज्यांना आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी, म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘मिडल ग्रेड’ म्हणतात त्या वयासाठी, पहिल्यांदाच कादंबरी लिहायची आहे आणि ज्यांच्या डोक्यात बर्फावर घसरणारी दोन भावंडं घोळत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख. पायऱ्या मी ज्या क्रमाने चढले त्या क्रमाने दिलेल्या नाहीत. ज्या क्रमाने चढायला हव्या होत्या त्या क्रमाने दिल्या आहेत.

आधी एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. घरात भावंडांची उतरंड ठरलेली असते. ताई ही ताईच, धाकटा तो धाकटाच. बर्फाला ही उतरंड ठाऊक नसते. ज्याचे गुडघे आधी वाकले तो पुढे जातो. दहा वर्षं जी सगळ्यात पुढे होती ती एका सकाळी कठड्याला धरून उभी असते आणि शेंबडा भाऊ तिच्याभोवती गोल फिरत असतो. तुमची कादंबरी त्या सकाळी सुरू होते. स्केटिंग दिसायला सुंदर म्हणून घेतलंत तर पन्नास पानांत दम संपेल.

पायरी १ : एकदा पडून या

जाता येईल अशी रिंक, म्हणजे स्केटिंगसाठी केलेलं बर्फाचं मैदान, असेल तर लिहायला बसण्याआधी तासभर जाऊन या. नसेल तर शिकणाऱ्या मुलांच्या सरावाचे व्हिडिओ बघा, ऑलिंपिकचे नकोत. ऑलिंपिकमध्ये सगळं सोपं दिसतं आणि आपल्याला हवं असतं ते अवघड दिसणारं.

पहिला धक्का बर्फाचा नसतो, बुटांचा असतो. भाड्याचे स्केट्स, म्हणजे खाली पातं लावलेले बूट, कडक असतात, घोटा जागच्या जागी पकडून ठेवतात. बाहेर रबराची चटई असते, तिच्यावरून चालताना आपले पाय उसने घेतल्यासारखे वाटतात. मग कठड्यातलं दार, छोटीशी पायरी, आणि आजवर जिच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवला ती जमीन निघून जाते. पहिली दहा मिनिटं मी कठडा सोडला नाही. शेजारून सहाएक वर्षांची एक मुलगी उलटी, मागच्या मागे घसरत गेली आणि जाता जाता म्हणाली, ‘काकू, गुडघे वाकवा.’ हे वाक्य माझ्या कादंबरीत आता चार ठिकाणी आहे, आणि दर वेळी ते वेगळ्या माणसाच्या तोंडी आहे.

मग मी पडले. पडणं नीट लक्षात ठेवा, कारण ते तुम्हाला वीस वेळा लिहावं लागणार आहे आणि वीस वेळा ‘ती धपकन पडली’ चालत नाही. शिकवणारे सांगतात की जमलं तर कुशीवर, बाजूला पडा, मागे डोक्यावर नको. पडल्यावर बोटं लगेच आत घ्या, मुठी वळा, कारण मागून कुणाचं तरी पातं येत असतं. उठताना आधी दोन्ही गुडघे, मग एक पाय, मग त्या गुडघ्यावर दोन्ही हात टेकून वर. पँट मांडीपाशी ओली होते आणि तासभर ओलीच राहते. नाक वाहतं. अभिमान दुखावतो तो मात्र घरी पोचल्यावर.

एकदा पातं हातात घेऊन बघा. फिगर स्केटचं पातं साधारण चार मिलिमीटर जाड असतं, पण खालून ते सपाट नसतं. मधून लांबलचक पन्हळ काढलेली असते, त्यामुळे त्याला दोन धारा होतात, एक आतली आणि एक बाहेरची. पाय जरासा कलता झाला की माणूस एका धारेवर येतो आणि वाट वळते. फिगर स्केटिंग जवळजवळ सगळं अशा वळणांनीच बनलेलं आहे. पात्याच्या टोकाला करवतीसारखे दात असतात. काही उड्या घेताना ते बर्फात रोवतात, आणि नवशिके त्यांनाच अडखळून तोंडावर आपटतात. आईस हॉकीच्या स्केट्सना हे दात नसतात. माझ्या दुसऱ्या मसुद्यात हॉकी खेळणारा मुलगा दातांना अडखळला होता. (हो, तीच मैत्रीण, तीच पेन्सिल.)

पायरी २ : कोणतं स्केटिंग, ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘आईस स्केटिंग’ नावाचा एकच खेळ नाही. फिगर स्केटिंग आणि त्यातलाच आईस डान्स, लांब ट्रॅकवरच्या शर्यती, शॉर्ट ट्रॅक, हॉकी हे सगळे एकाच बर्फाचे वेगवेगळे संसार आहेत, आणि प्रत्येक खेळ भावंडांना एकमेकांसमोर निराळ्या पद्धतीने उभं करतो.

फिगर स्केटिंगची एकेरी घेतलीत तर भाऊ आणि बहीण कधीच प्रतिस्पर्धी होणार नाहीत. दोन बहिणी किंवा दोन भाऊ होतील. दोन बहिणी असल्या तर मजा आहे. त्या एकाच गटात येईपर्यंतची दोन वर्षं हीच कादंबरी. धाकटी वर सरकते आहे आणि थोरलीला मागून पावलं ऐकू येत आहेत.

भाऊ-बहीणच हवे असतील तर फिगर स्केटिंगच्याच जोडी प्रकाराकडे वळा. इथे खऱ्या इतिहासाने तुमच्यासाठी भरपूर मांडून ठेवलं आहे. १९८४ साली सारायेवोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जोडीचं रौप्य अमेरिकेच्या किटी आणि पीटर कॅरदर्स या बहीण-भावाने मिळवलं. दोघंही दत्तक होते, एका घरात वाढले म्हणून भावंडं. मारिया आणि ऑटो येलिनेक यांची हकिगत तर तयार कादंबरीच आहे. कुटुंब १९४८ साली चेकोस्लोव्हाकिया सोडून निघालं, मुलं कॅनडात वाढली, आणि १९६२ साली ती जागतिक विजेती झाली ती प्रागमध्ये, ज्या देशातून पळ काढला होता त्याच देशाच्या राजधानीत, कॅनडाच्या नावाने. यावर लिहा असं मी म्हणत नाही. पण भावंडं एकत्र घसरतात तेव्हा त्यांच्या मागे अख्खं घर घसरत असतं, हे इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

जोडी आणि आईस डान्स एकच समजू नका. जोडीमध्ये मुलगा मुलीला डोक्यावर उचलतो आणि फेकूनही देतो, म्हणजे ती हवेत गिरक्या घेऊन एकटी उतरते. डान्समध्ये हे नाही. तिथे उचलणं आहे, पण डोक्यावर नाही, आणि सगळा भर पावलं, ताल आणि दोघांमधलं अंतर यांवर. आता अडचण बघा. आईस डान्समध्ये बहुतेक जोड्या प्रेमकथा सादर करतात. भावंडांनी काय करायचं? अमेरिकेच्या माया आणि ॲलेक्स शिबुतानी या बहीण-भावाने २०१८ साली प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये डान्सचं कांस्य मिळवलं. त्याआधी १९९२ साली आल्बेरव्हिलला इझाबेल आणि पॉल ड्युशेने यांनी फ्रान्ससाठी रौप्य मिळवलं होतं. म्हणजे वाट आहे, पण ती शोधावी लागते. आणि तुमची मुलं अकरा-बारा वर्षांची! त्या वयात सख्ख्या भावाचा हात सगळ्यांदेखत तीन मिनिटं धरायचा आणि वर त्याच्याकडे हसून बघायचं, ही शिक्षा आहे. याहून चांगलं विनोदी प्रकरण तुम्हाला आयतं मिळणार नाही.

उंचीही विसरू नका. बहीण बारा वर्षांची आणि भाऊ दहाचा असेल तर ती त्याच्यापेक्षा उंच असण्याचा संभव मोठा. तो तिला उचलणार कसा? आणि वर्षभरात तो ताडमाड वाढला तर त्याचा स्वतःचाच तोल जातो, जमलेल्या उड्या हातून निसटतात. खलनायक वगैरे काही लागत नाही, वाढतं वय पुरतं.

शर्यती. लांब ट्रॅक ४०० मीटरचा असतो, एका वेळी दोघंच धावतात, आणि खरी लढत घड्याळाशी असते. १९८० साली लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या एरिक हायडनने पाचच्या पाच वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. त्याची धाकटी बहीण बेथ हिने त्याच ऑलिंपिकमध्ये ३००० मीटरचं कांस्य मिळवलं. आदल्याच वर्षी ती स्वतः जगज्जेती होती. जगज्जेत्या मुलीचं ऑलिंपिक पदक, आणि ते शेजारच्या पाच सोन्यांसमोर लहान दिसतं. किंवा २०१४ सालचं सोची घ्या. ५०० मीटरमध्ये नेदरलँड्सच्या मुल्डर जुळ्यांपैकी मिशेलला सुवर्ण, रोनाल्डला कांस्य, आणि दोघांच्या मध्ये रौप्य घेऊन उभा राहिलेला तिसराच. तो फोटो डोळ्यांसमोर आणा आणि त्या तिसऱ्याचा विचार करा. त्याच्यावरही एक कादंबरी होईल.

शॉर्ट ट्रॅक माझ्या सगळ्यात आवडीचा. साधारण ६० बाय ३० मीटरच्या नेहमीच्या रिंकवर १११ मीटरचा लंबगोल, सगळे एकदम सुटतात, कोपरं लागतात, वळणावर हात बर्फाला टेकतो. यातल्या रिलेमध्ये बॅटन नसते. येणारा खेळाडू पुढच्याला मागून चक्क ढकलतो आणि त्या धक्क्यावर तो वेग घेतो. भावंडांनी एकमेकांना ढकलणं इथे नियमात बसतं! हंगेरीचे शाओलिन शांडोर आणि शाओआंग लिऊ हे भाऊ २०१८ साली रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या चौघांत होते. हिवाळी ऑलिंपिकमधलं हंगेरीचं ते पहिलं सुवर्ण. चार वर्षांनी बीजिंगला १००० मीटरच्या अंतिम फेरीत थोरल्याने रेषा सगळ्यात आधी ओलांडली, पण पंचांनी त्याला बाद केलं, आणि त्यामुळे क्रम बदलून धाकट्याला कांस्य मिळालं. धाकट्याने त्या क्षणी काय करावं? आनंद दाखवावा की लपवावा? नऊ वर्षांच्या वाचकाला हा प्रश्न पूर्ण कळतो, कारण घरी तो रोज सोडवत असतो.

हॉकीत भावंडं एकाच संघात असू शकतात. २०१८ च्या ऑलिंपिकमधल्या महिलांच्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या लामरू जुळ्या बहिणींपैकी मोनीकने तिसऱ्या सत्रात बरोबरीचा गोल केला आणि पेनल्टी शॉटच्या फेरीत निर्णायक गोल जोसलिनने. पण हॉकी म्हणजे संघभर पात्रं, आणि पहिल्या कादंबरीत इतकी नावं सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी जोडी, डान्स किंवा शॉर्ट ट्रॅक, यांपैकी एक.

पायरी ३ : एक वस्तू शोधा

मुलांच्या कादंबरीत वस्तू फार काम करतात. मोठ्यांच्या कादंबरीत आठवण जे करते ते इथे पेटी, चावी, तुटकं घड्याळ असलं काहीतरी करतं. बर्फावरच्या गोष्टीत ती वस्तू शोधायला लांब जायला नको. बूट.

स्केटचा चांगला बूट महाग असतो, तो पायाच्या आकारात हळूहळू बसतो, आणि मुलांचे पाय त्याची वाट बघत नाहीत. म्हणून दोन मुलांच्या घरात थोरल्याचा बूट धाकट्याकडे येतो. तो बूट थोरल्याच्या पायाला सरावलेला असतो. धाकट्याची टाच भलत्याच खळग्यात बसते. आता यात आणखी एक भर घाला : फिगर स्केटिंगमध्ये मुलींचे बूट पांढरे आणि मुलग्यांचे काळे, ही जुनी रीत आहे. माझ्या कादंबरीत आई ताईचे पांढरे बूट काळे रंगवून धाकट्याला देते. पहिले पंधरा दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. मग तो पडत जातो, बुटांची टोकं बर्फावर घासतात, आणि काळ्याखालून पांढरं दिसायला लागतं. रोज सकाळी थोडं जास्त. तो रोज रात्री मार्करने काळं करतो. ताई हे बघते आणि काही बोलत नाही.

या एका गोष्टीतून घरची तंगी, त्याची लाज, तिचं गप्प राहणं हे तिन्ही निघालं, आणि एकही स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही. तुमची वस्तू वेगळी असेल. अट एवढीच की ती दोघांच्या हातांतून गेलेली असावी.

नाड्यांचाही एक प्रसंग जरूर लिहा. त्याची बारीक माहिती ही घ्या. पंजापाशी नाडी बेताची ओढायची, बोटं आत हलली पाहिजेत. घोट्याच्या वळणाशी सगळ्यात घट्ट, टाच उचलता कामा नये. तिथून वर नाडी अडकवायचे आकडे लागतात, तिथे पुन्हा जरा सैल, म्हणजे गुडघा पुढे वाकतो. लहान मुलांच्या बोटांत एवढा जोर नसतो, म्हणून थोरलं भावंड खाली बसतं, धाकट्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतं आणि ओढतं. पातं उघडं असेल तर मांडीवर ओरखडा उठतो, म्हणून आधी पात्यावर प्लॅस्टिकचं आवरण. ही सगळी झटापट दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांत थोरलीचं डोकं खाली असतं, धाकट्याचं वर, आणि कुणाला कुणाचा चेहरा नीट दिसत नाही. जे एरवी कधीच बोललं जाणार नाही ते इथे बोलता येतं. आदल्या रात्री भांडण झालेलं असेल तर नाडी किती जोरात ओढली जाते, तेवढंच लिहा. पुरतं.

पायरी ४ : जुनं देणं-घेणं मांडा

पहिलं प्रकरण लिहिण्याआधी एका कागदावर तीन जुन्या गोष्टी लिहा. एक, जी थोरली विसरलेली नाही. दोन, जी धाकटा विसरलेला नाही. तीन, जी दोघांनाही आठवते पण वेगवेगळी आठवते. तिसरी सगळ्यात मोलाची. माझ्या दोघांना एकदा बर्फावर झालेली टक्कर आठवते. प्रत्येकाच्या मते दुसरा आडवा आला होता. खरं काय झालं ते कादंबरीत मी शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. एका संपादकाने सांगावं म्हणून आग्रह धरला, मी ऐकलं नाही.

आई-वडिलांना दुष्ट करू नका, प्रशिक्षकालाही नको. शिट्टी फुंकत ओरडणारा कडक प्रशिक्षक वाचकाने शंभरदा पाहिलेला असतो. त्यापेक्षा असा प्रशिक्षक घ्या ज्याला दोघंही आवडतात पण वेळ एकालाच देता येतो. पैशाचं तसंच. बर्फावरचा वेळ विकत घ्यावा लागतो, शिकवणी वेगळी, पात्यांना धार लावणं वेगळं. दोघांचा खर्च परवडत नाही हे वाक्य मुलांच्या कानावर बंद दाराआडून पडतं, आणि मग कोण थांबणार, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही.

पायरी ५ : वर्ष आखा

ऑलिंपिकला जाऊ नका. नियमांतच ते बसत नाही. फिगर स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ साली वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेण्याचा निर्णय घेतला. तुमची बारा वर्षांची नायिका जाईल ती छोट्या स्पर्धेला, जिथे प्रेक्षकांत निम्मे पालक आणि उरलेले निम्मे कंटाळलेली भावंडं असतात. त्याने काही कमी होत नाही. बारा वर्षांच्या माणसासाठी ती स्पर्धा जगातली सगळ्यात मोठी असते.

उड्या फार नकोत. एकच निवडा. मी ॲक्सल निवडली आणि तुम्हीही तीच निवडलीत तर माझी हरकत नाही. नॉर्वेच्या ॲक्सल पॉलसेनने ती १८८२ साली दाखवली, म्हणून हे नाव. बाकीच्या सगळ्या मुख्य उड्या पाठीमागे जाता जाता घेतात. ही एकच समोर तोंड करून घेतात आणि उतरायचं मात्र उलटं, पाठीमागे जात. म्हणून एकेरी म्हटलेल्या ॲक्सलमध्येही दीड गिरकी होते. त्या अर्ध्या गिरकीपाशी कित्येक मुलं महिनोन्‌महिने अडकतात. समोर बघत हवेत झेपावायचं, खाली काय आहे ते दिसत असताना. भीती वाचकाला समजावून सांगावी लागत नाही.

स्पर्धेत पडलं की सगळं संपलं, असंही लिहू नका. लहान मुलांच्या स्पर्धेत पडूनही लोक जिंकतात. गुणांच्या सध्याच्या पद्धतीत साधारणपणे एका पडण्याला एक गुण वजा होतो आणि पुढचं चालू राहतं. म्हणजे पडण्यापेक्षा उठून संगीत पुन्हा पकडणं हा खरा प्रसंग आहे, तो लिहा.

प्रकरणं कुठे तोडायची, हे मला बर्फ साफ करणाऱ्या यंत्राने शिकवलं. ठरावीक वेळाने सगळ्यांना बाहेर काढतात आणि ते अवजड यंत्र आत येतं. ते वरचा पातळ थर खरवडतं आणि मागून गरम पाण्याचा पातळ पट्टा सोडत जातं. गरम पाण्याने वरचा बर्फ किंचित वितळतो, चिरा भरतात, आणि गोठल्यावर काचेसारखा पृष्ठभाग होतो. ही दहा-पंधरा मिनिटं सगळे बाकावर बसून असतात, स्केट्स पायात, करायला काही नाही. भावंडांचे संवाद तिथे ठेवा. आणि नंतर कोऱ्या बर्फावर पहिली रेघ कोण ओढणार, यावरून भांडण ठेवा; ते भांडण खरंच होतं.

शेवटाकडे पाय मोडणं टाळा. दुखापतीने कथा सुटते खरी, पण निर्णय पात्रांच्या हातून निघून जातो.

पायरी ६ : शब्द

लांबीचं आधी. इंग्रजीत या वयाच्या कादंबऱ्या साधारण ३० ते ५० हजार शब्दांच्या असतात. मराठीत तो आकडा जसाच्या तसा धरू नका. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘बर्फावरूनसुद्धा’ हा आपल्याकडे एकच शब्द. तीच गोष्ट मराठीत कमी शब्दांत उतरते, म्हणून शब्द मोजण्यापेक्षा प्रकरणं मोजा. प्रत्येक प्रकरण एका बैठकीत मोठ्याने वाचून संपलं पाहिजे.

परिभाषेचं ओझं वाचकावर टाकू नका. रिंक, स्केट्स, ॲक्सल हे शब्द तसेच ठेवा. त्यांना मराठी प्रतिशब्द घडवत बसलात तर हसू होतं. पण जिथे आपला शब्द आहे तिथे तोच वापरा : पातं, धार, गिरकी, तोल, कठडा. आणि आवाजांच्या बाबतीत तर मराठी लेखकाने श्रीमंतासारखं वागावं. चांगल्या धारेचा आवाज सर्रर्र, लांब आणि जवळजवळ नसल्यासारखा. बिघडलेल्या धारेचा खर्रकन. दात रोवल्याचा टक्. पडल्याचा धप्, आणि त्यानंतर माणूस घसरत जातो त्याचा आवाजच नसतो. माझी ताई डोळे मिटून बाकावर बसते आणि भावाचा सराव नुसता ऐकते. त्याची कुठली उडी फसली ते तिला न बघता कळतं.

हाक मारणं हे मराठीतलं एक छुपं हत्यार. ‘ताई’ म्हणजे नुसती हाक नाही, ती जागा आहे. धाकटा रोज ताई म्हणतो. ज्या प्रकरणात तो पहिल्यांदा तिला नावाने हाक मारेल ते प्रकरण तुम्हाला वेगळं सजवावं लागणार नाही. माझ्या कादंबरीत तो सरावात वळणावर ‘हात दे!’ असं ओरडताना नुसतं नाव घेतो, आणि दोघांनाही ते नंतर, बुटांच्या नाड्या सोडताना लक्षात येतं. ती म्हणते, ‘काय म्हणालास मगाशी?’ तो म्हणतो, ‘कधी?’ बस. एवढ्यावर मी प्रकरण संपवलं.

भावंडं पूर्ण वाक्यात बोलत नाहीत, हेही लक्षात असू द्या. ‘तू ना...’, ‘सांगू का आईला?’, ‘बघच आता.’ आभार तर मुळीच मानत नाहीत.

पायरी ७ : मुलांना वाचून दाखवा

मसुदा झाला की या वयाच्या तीन-चार मुलांना तो मोठ्याने वाचून दाखवा, शक्यतो तुमच्या नात्यातली नसलेली. ‘आवडलं का?’ असं विचारू नका. मुलं सभ्य असतात, हो म्हणतात. वाचताना त्यांच्या पायांकडे बघा. पाय हलायला लागले की समासात खूण करा. माझ्या मसुद्यात धारा आणि पन्हळ समजावणारी अडीच पानं होती, तिथे चारही जोड्या पाय हलले. अडीच पानांच्या आता चार ओळी झाल्या आहेत.

वाचून संपल्यावर मी त्यांना स्पर्धेबद्दल बोलतं करायचा प्रयत्न केला. नायिकेचा नंबर आला नाही, त्याचं वाईट वाटलं का वगैरे. कुणाला काही पडलेलं नव्हतं. नऊ वर्षांचा एक मुलगा बराच वेळ गप्प बसला होता. तो म्हणाला, ‘पण ते रंगवलेले बूट कुठे गेले?’

मी हस्तलिखित चाळलं. चौदाव्या प्रकरणानंतर बूट नव्हतेच. त्याला नवे मिळाले होते आणि जुन्यांचं काय झालं ते लिहायचं मी साफ विसरले होते. त्या रात्री घरी जाऊन एक पान लिहिलं : ताई ते बूट घेऊन बसली आहे, ओल्या फडक्याने काळा रंग घासते आहे, आणि तो काही केल्या पूर्ण निघत नाही.